ऑपरेशन कुणी केलं, ते रजिस्टरात खरं लिहा

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, अथणी या भागातले सर्जरीचे विभागप्रमुख, युनिटप्रमुख, सर्जनांच्या संघटनांचे पदाधिकारी आणि स्वतःचं नर्सिंग होम चालवणारे माझे सर्जन मित्र यांस,

सप्रेम नमस्कार.

मी भूल देते. गेली २७ वर्षं तुमच्या टेबलाच्या डोक्याच्या बाजूला स्टुलावर बसून आहे. तुमच्या-माझ्यामध्ये एक हिरवा पडदा असतो. पलीकडे तुम्ही पोट उघडता, अलीकडे मी मॉनिटर बघते, पण कान माझे दोन्हीकडे असतात. चार ठिकाणी फिरून काम करणाऱ्या भूलतज्ज्ञाचं एक बरं असतं. सकाळी टिळकवाडीत हर्निया, दुपारी शहापुरात पित्ताशय, रात्री कुठंतरी फुटलेलं अपेंडिक्स. एका दिवसात तीन सर्जनांचे हात बघायला मिळतात. कुणाचा हात हलका, कुणाची गाठ सैल, कोण घाबरलं की ओरडतं आणि कोण घाबरलं की एकदम गप्प होतं, हे आम्हा भूल देणाऱ्यांइतकं बेळगावात कुणाला माहीत नसेल. आम्ही बोलत नाही, कारण पुढची केस तुमच्याकडूनच येते. आज बोलते.

दोन महिन्यांपूर्वी एका ज्येष्ठ सर्जनांबरोबर केस संपल्यावर चहा घेत होते. त्यांच्या ओळखीच्या एका संस्थेत विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि नावांची चर्चा चालली होती. चार नावं निघाली, चारही पुरुषांची. मी विचारलं, सर, बाईचं एकही नाव नाही? सर म्हणाले, ‘‘मॅडम, मिळाली तर आम्ही नको म्हणणार आहोत का? लायक बाई मिळतच नाही हो.’’

सर खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दोन मुली आज चांगल्या सर्जन आहेत आणि त्यांचा विषय काढला की सरांचा चेहरा खुलतो. म्हणूनच ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. चांगला माणूस मनापासून सांगतोय की मिळत नाही, तर मग त्या जातात कुठे? एमबीबीएसच्या वर्गात आज निम्म्याच्या आसपास मुली दिसतात. त्यातल्या काही जिद्दीनं एमएस सर्जरी घेतात, चांगल्या मार्कांनी पास होतात. आणि पंधरा वर्षांनी नावं काढायला बसलं की एकही आठवत नाही.

माझं म्हणणं असं आहे की या मुली खुर्चीपर्यंत पोचतच नाहीत, ऑपरेशनच्या टेबलाशीच गळतात. ते गळणं मी बघितलंय.

एक रात्र सांगते. जागा, माणसं सांगत नाही. गळीत हंगाम सुरू झालेला, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. रात्री दीडला फोन आला. हुक्केरीकडचा पन्नाशीचा शेतकरी, कंबरदुखीच्या गोळ्या वर्षभर खाऊन अल्सर फुटलेला, पोट लाकडासारखं कडक. मी पोचले तेव्हा सर्जन हात धुऊन उभी होती. एमएस होऊन दोन वर्षं झालेली मुलगी. सिस्टरनी ग्लोव्हज उघडले, सात नंबरचे. तिचा हात सहाचा. ‘‘सहा नाहीतच मॅडम, साडेसहा पण संपलेत.’’ तिनं काही न बोलता सातचे चढवले. प्रत्येक बोटाच्या टोकाला अर्धा सेंटिमीटर रबर रिकामं लोंबत होतं.

तिनं पोट उघडलं, घाण पाणी ओढून काढलं, ड्युओडेनमवरचं, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागावरचं, भोक शोधलं, ओमेंटमचा, म्हणजे पोटातल्या चरबीच्या पडद्याचा, तुकडा आणून त्यावर बसवला आणि टाके घातले. गाठ मारताना दर वेळी ती आधी बोटाच्या टोकाचं लोंबतं रबर बाजूला सारायची आणि मग दोरा ओढायची. एकदा रबर गाठीत अडकलं. तिनं ती गाठ कापली, पुन्हा मारली. आवाज चढला नाही. सव्वा तासात पोट धुऊन, नळी ठेवून, बंद. माझ्याकडे पेशंटचं ब्लडप्रेशर एकदा घसरलं तेव्हा मी सांगायच्या आधीच तिनं हात थांबवून पडद्यावरून माझ्याकडे बघितलं. असं बघणारे सर्जन मला फार भेटलेले नाहीत, आणि तुमच्यातल्या काहींना हे वाचून राग येईल, येऊ दे.

बाहेर आलो तर पेशंटचा चुलता दारातच उभा. मला म्हणाला, ‘‘मोठे डाक्टर कवा येणार वो?’’ मी तिच्याकडे बोट केलं. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘सिस्टर, पेशंटला पाणी कवा द्यायचं?’’ तिनं त्याला मराठीत सांगितलं, मागे उभ्या असलेल्या बायकोला कन्नडमध्ये सांगितलं, आणि आत निघून गेली.

त्या चुलत्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यानं जे आजवर बघितलं तेच तो बोलला. माझी तक्रार दुसऱ्या दिवशीची आहे. दुपारी त्याच थिएटरमध्ये मला दुसरी केस होती, म्हणून ओटी रजिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरची नोंदवही, हातात आलं. आदल्या रात्रीच्या ओळीत ‘सर्जन’ या रकान्यात वरिष्ठांचं नाव. ‘असिस्टंट’मध्ये तिचं. पेशंट ज्यांच्या नावावर भरती त्यांचंच नाव घालायचं, अशी तिथली रीत. त्या रात्री सर घरी झोपले होते, आणि झोपेतच त्यांनी एका फुटलेल्या अल्सरचं ऑपरेशन केलं.

तुम्ही म्हणाल, हे मुलांच्या बाबतीतही होतं. होतं. पण मुलगा सकाळी राउंडला सांगतो, ‘‘सर, कालची मीच केली, तुमचं नाव टाकलंय.’’ सर हसून म्हणतात, ‘‘बरं, आता पुढचीही तूच कर.’’ रजिस्टरात त्याचं नाव नसलं तरी सरांच्या डोक्यात ते लिहिलं जातं. मुलीनं हेच सांगितलं तर संध्याकाळपर्यंत तिचा ‘अॅटिट्यूड’ चर्चेला आलेला असतो. म्हणून ती सांगत नाही. पाच वर्षांनी कुणी विचारतं, तिनं स्वतंत्रपणे किती पोटं केली आहेत? कागद बघतात. कागद कोरा.

हे आणखी आधीपासून सुरू होतं. पीजीच्या, म्हणजे एमएसच्या शिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षी कुणाच्या हातात सुरी द्यायची आणि कुणाच्या हातात जखम ओढून धरायचा रिट्रॅक्टर, हे कुणी बसून ठरवत नाही. ते होत जातं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात तर मुलीचं कौतुकच तिला नडतं. ‘‘कॅमेरा तिच्याकडे द्या, ती हलवत नाही.’’ खरंच हलवत नाही. मग ती कॅमेराच धरते. शेजारचा मुलगा कॅमेरा धरताना तीनदा लेन्स पुसायला लावतो, म्हणून सर त्याला म्हणतात, ‘‘तू जरा इकडे ये, क्लिप लाव.’’ तीन वर्षांनी दोघांनाही एमएसची तीच पदवी. एकाच्या हाताला हर्निया, अपेंडिक्स, चार-दोन पित्ताशयं माहीत झालेली असतात. दुसरीच्या नावावर उत्तम कॅमेरा.

आता माझंही सांगते, नाहीतर पडद्यामागे बसून दुसऱ्यांना शिकवणं सोपं आहे. रात्री नातेवाईक गोंधळ घालायला लागले की त्यांना गप्प करायला मी स्वतः कितीतरी वेळा म्हटलंय, ‘‘सर येतायत, काळजी करू नका.’’ सर येत नव्हते आणि यायची गरजही नव्हती. आत बाई व्यवस्थित काम करत होती. याहून वाईट म्हणजे, तरुण मुलगी ऑपरेट करत असेल आणि रक्तस्राव जरा वाढला तर मी हळूच सिस्टरला खुणावलंय, सरांना फोन लावा म्हणून. तेवढ्याच वयाचा मुलगा असताना मी तेवढ्याच रक्ताला थांबले आहे. हे मला कळलं तेव्हा माझ्या नोकरी-धंद्याला वीस वर्षं झाली होती.

आणि मी भूल द्यायला का आले, तेही सांगून टाकते. एमबीबीएसनंतर मला सर्जरी मिळत होती. मला हवीही होती. आमचे एक मास्तर, कुठल्या कॉलेजातले ते सोडा, प्रेमानं म्हणाले, ‘‘अगं, भूल घे. घर सांभाळून होतं.’’ घरच्यांना पटलं, मलाही पटलं. आता मला सांगा, रात्री दीडला सर्जन येतो तेव्हा भूल कोण देतं? तुम्ही ज्या क्षणी निघता त्याच्या दहा मिनिटं आधी मी निघते, आणि तुम्ही गेल्यावर पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबते. ‘घर सांभाळून’ याचा २७ वर्षांचा हिशेब माझ्या सासूबाईंकडे आहे, त्यांना विचारा.

‘रात्रीचं काम बायकांना जमत नाही’ हे तुमच्यातलं एक आवडतं कारण म्हणून हे लिहिलं. ते कारण आपल्याच गावात, आपल्याच इमारतीत, एक मजला वर जाऊन तपासून बघा. वरच्या मजल्यावर बाळंतपणाचा विभाग आहे. रात्री तीनला आडवं मूल, बाळाचे ठोके मंदावतायत, बाईला धाप लागलेली. तिथे पोट उघडून मूल बाहेर काढायला सहा-सात मिनिटं लागतात, आणि ते हात बहुतेक वेळा बाईचे असतात. वार गर्भाशयात रुतलेली, रक्त थांबत नाही, पिशवी काढावी लागते, असं ऑपरेशन मी पडद्याच्या अलीकडून पाहिलंय. सर्जरीतली कुठलीही केस त्याच्या पुढे मला थंड वाटते. त्या बायका विभाग चालवतात, ड्यूटीची यादी लावतात, पीजींना झापतात, औषधांच्या स्टोअरशी भांडतात. त्यांच्या नेतृत्वाबद्दल कुणी शंका घेत नाही. त्यांनाही घर आहे, मुलं आहेत, सासवा आहेत. मग नाभीच्या खाली कापणारी बाई प्रमुख होऊ शकते आणि नाभीच्या वर कापणारी होऊ शकत नाही, याला शरीरशास्त्रात काय आधार आहे ते मला एकदा समजावून सांगा.

दुसरं आवडतं कारण ताकदीचं. हाडांच्या ऑपरेशनात ताकद लागते, म्हणून बाई नको. इंग्लंडचं रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स १८०० सालचं. त्याला पहिल्या महिला अध्यक्षा २०१४ मध्ये मिळाल्या, क्लेअर मार्क्स. त्या कुठल्या सर्जन होत्या? हाडांच्या. मद्रासच्या टी. एस. कनका मेंदूच्या सर्जन झाल्या १९६८ साली, आशियातल्या पहिल्या महिला न्यूरोसर्जन म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. तेव्हा ताकदीचं राहू द्या. अडतं ते अवजारांच्या मापाशी. आतडं जोडायच्या स्टेपलरची मूठ मोठ्या पंजासाठी बनवलेली, म्हणून लहान हाताच्या मुलीला तो दोन्ही हातांनी दाबावा लागतो. लगेच कुणीतरी म्हणतं, बघा, ताकद नाही. टेबलाची उंची सर्वांत उंच माणसाप्रमाणे लावायची आणि मग पाच फुटाच्या मुलीला पायाखाली स्टूल घ्यायला लावायचं, त्यावर हसायचं. एक्स-रे चालू असताना घालायचा शिशाचा एप्रन मुलींच्या अंगावर काखेपाशी उघडा पडतो, म्हणजे नेमका छातीच्या बाजूला. याकडे कुणी लक्ष दिलेलं मला आठवत नाही. स्टोअरच्या इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, कोण सही करतं? विभागप्रमुख. त्यांचा हात साडेसातचा.

तालुक्याच्या गावातून बेळगावात पेशंट कसा येतो, ते तुम्हाला माहीत आहे. खानापूर, बैलहोंगल, चंदगडचा फॅमिली डॉक्टर चिठ्ठी देतो, किंवा आता फोनच करतो. त्या फोनवर आपल्या इथल्या सर्जनचं नाव चालतं. एकदा एका सर्जन बाईंची पित्ताशयाची केस बिघडली, पित्त गळायला लागलं, पेशंट पुढे पाठवावा लागला. वाचला तो. पण पुढचे कितीतरी महिने त्या बाईंकडे एका तालुक्यातून चिठ्ठी आली नाही. त्याच सुमारास एका सरांचीही तशीच केस झाली होती. ‘‘सरांच्या हातून असं होतं म्हणजे केसच अवघड असणार’’ असं बोललं गेलं. मला वाटायचं हे आपल्या गावापुरतं. नंतर वाचलं की अमेरिकेत सरकारी विम्याच्या नोंदी तपासून एका अर्थशास्त्रज्ञ बाईंनी नेमकं हेच दाखवलंय: पेशंट दगावला की बाई सर्जनकडे येणाऱ्या चिठ्ठ्या पुरुषाच्या मानानं जास्त आटतात. इतकंच नाही, त्या शाखेतल्या दुसऱ्या बायकांकडेही पाठवताना डॉक्टरांचा हात आखडतो. एकीची चूक सगळ्या बायकांच्या खात्यावर. पुरुषाची चूक त्याच्या त्या दिवसाच्या खात्यावर.

बाईचा हात पुरुषापेक्षा बरा असं मी म्हणणार नाही. वाईट हाताच्या बायकाही मी बघितल्या आहेत. पण कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १३ लाखांवर पेशंटांच्या नोंदी तपासल्या, २००७ ते २०१९ मधल्या, आणि २०२२ साली ते छापून आलं: बाईचं ऑपरेशन पुरुष सर्जननं केलं तर महिनाभरात मृत्यू, गुंतागुंत किंवा पुन्हा भरती होण्याची शक्यता बाई सर्जनच्या मानानं १५ टक्क्यांनी जास्त निघाली. ती नुसती नोंदींची तुलना आहे, असं का झालं ते त्यातून सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण आपल्या भागातल्या बायका स्तनातली गाठ किती महिने पदराआड ठेवतात, मूळव्याधीचं रक्त किती वर्षं सांगत नाहीत, हे तुम्ही ओपीडीत बसून रोज बघता. बाई सर्जन आहे म्हटल्यावर त्या येतात. आणि मग एक गंमत होते. त्या बाईला आपण ‘लेडी सर्जन’ ठरवतो, सगळ्या स्तनांच्या केस तिच्याकडे ढकलतो, आणि विभागप्रमुख नेमताना म्हणतो, मोठ्या पोटांचा अनुभव कमी आहे.

आता बढतीच्या शिडीचं बघू, थोडक्यात, कारण नियम तुम्हाला माझ्याहून जास्त पाठ आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांप्रमाणे एमएसनंतर वर्षभर सीनिअर रेसिडेन्सी, असिस्टंट प्रोफेसर म्हणून चार वर्षं, असोसिएट म्हणून तीन, आणि मधे शोधनिबंध. सत्ताविसाव्या वर्षी एमएस झालेली मुलगी कुठेही न थांबता पस्तीस-छत्तीसला प्रोफेसर होते. ही आठ वर्षं आणि मूल होण्याची वर्षं एकच. २०१७पासून कायद्यानं २६ आठवड्यांची रजा आहे, ती मिळतेही बहुतेक ठिकाणी. पण परत आल्यावर? मी बघितलेल्या एकीची मंगळवारची ऑपरेशनची लिस्ट तोवर दुसऱ्याला गेली होती. ‘‘तुझी ती कायमची काढली नाही गं, तू आधी रुळ.’’ रुळायला तिला ओपीडी आणि ड्रेसिंग मिळालं. मंगळवार काही परत आला नाही. तिनं दीड वर्षानं नोकरी सोडली आणि आता नवऱ्याच्या नर्सिंग होममध्ये हिशेब बघते. सुंदर टाके घालायची.

आणि संघटना. कार्यक्रमाची फुलं, समई, सूत्रसंचालन, पाहुण्यांना कुंदा कुठून आणायचा, हे सगळं बायकांकडे. कार्यकारिणीची बैठक रात्री साडेनऊला, नंतर जेवण, आणि पुढचा अध्यक्ष कोण हे ठरतं जेवणानंतर. एका ठिकाणी सहसचिव म्हणून तीन वर्षं सगळी परिषद ओढलेल्या बाईंचा नंबर आला तेव्हा म्हणाले, ‘‘मॅडम अजून लहान आहेत, मुलांच्या दहावी-बारावी होऊ देत.’’ मॅडम ४१ वर्षांच्या होत्या. सर, आपल्याकडून कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर. १८८६ साली त्या कोल्हापूर संस्थाननं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी आनंदीबाई जोशींना देऊ केली, तेव्हा आनंदीबाईंचं वय होतं २१. क्षयानं ती मुलगी रुजू व्हायच्या आधीच गेली, ते वेगळं दुःख. पण संस्थानाला ती लहान वाटली नव्हती.

आता एक गोष्ट खास आपल्या मराठी मंडळींना. कन्नड सहकाऱ्यांनीही वाचावी, त्यांना मराठी माझ्या कन्नडपेक्षा चांगलं येतं. १९५६पासून आपण काय म्हणत आलो आहोत? की आम्ही संख्येनं आहोत, कर भरतो, गाव आम्ही वसवलं, पण कागद आमच्या भाषेत नाही आणि निर्णयाच्या टेबलावर आमचा माणूस नाही. पंधरा टक्के लोक ज्या भाषेचे, त्यांना त्या भाषेत कागद मिळालाच पाहिजे, हा नियम आपल्यातली शाळकरी पोरंही तोंडपाठ म्हणतात. समोरचा म्हणतो, ‘तुमच्यावर अन्याय कुठे आहे, तुम्हाला कोण अडवतंय?’ तेव्हा आपल्या अंगाचा तिळपापड होतो. सर, ‘बाईला कोण अडवतंय?’ हे तेच वाक्य आहे. इतर कुठल्या भागातल्या डॉक्टरांना हे समजावून सांगायला मला तीन पानं लागली असती. सीमाभागातल्या माणसाला लागू नयेत.

आणि कर्नाटकातच बघायचं तर गावपातळीवर १९८७च्या निवडणुकीपासून बायकांना राखीव जागा आहेत, तेव्हा चौथा हिस्सा होता, आता निम्म्या. सुरुवातीला नवरेच कारभार बघायचे, अजूनही काही ठिकाणी बघतात. पण माझ्याकडे स्पायनल, म्हणजे कमरेतून द्यायची भूल, घ्यायला आलेली एक ग्रामपंचायत अध्यक्षा टेबलावर झोपल्या झोपल्या पाण्याच्या टाकीच्या बिलावरून फोनवर इंजिनिअरला झापत होती. फोन काढून घ्यावा लागला. खुर्ची मिळाल्यावर माणूस खुर्चीजोगा होतो, हे आपण पुरुषांच्या बाबतीत कायम गृहीत धरतो.

मी सर्जरीत आरक्षण मागत नाही. मागायला हरकत नाही असं माझी मुलगी म्हणते, तो वाद आमच्या घरात चालू आहे. मी एक साधी गोष्ट मागते. येत्या एक तारखेपासून ओटी रजिस्टरात, ज्यानं किंवा जिनं ऑपरेशन केलं त्याचं नाव ‘सर्जन’च्या रकान्यात लिहा. पेशंट कुणाच्याही नावावर भरती असो. वरिष्ठ हात धुऊन शेजारी उभे असतील तर तसं लिहा. घरी असतील तर तेही लिहा. थिएटरमध्ये ते लिहिण्याचं काम सिस्टरचं असतं. तिला सांगा की तुझ्यावर कुणी चिडणार नाही, आणि खरोखरच चिडू नका. वर्षानं ते रजिस्टर उघडा आणि तुमच्या युनिटमधल्या प्रत्येक मुलानं आणि मुलीनं किती केस स्वतः केल्या, किती वेळा नुसतं धरलं, हे मोजा. मोजायला मी येते. रविवारी दुपारी मोकळी असते, चहा तुमचा.

ते आकडे तुम्हाला सारखे दिसले तर मी हे पत्र मागे घेईन आणि जाहीरपणे माफी मागेन. नाही दिसले, तर पुढच्या वेळी चार नावं काढताना ‘लायक बाई मिळत नाही’ म्हणण्याआधी ते रजिस्टर समोर ठेवा. कुणाच्या हातातून काय कधी काढून घेतलं, हे त्यात तारखेनिशी सापडेल.

बाकीचं किरकोळ आहे आणि एका आठवड्यात होण्यासारखं आहे. बैठक संध्याकाळी साडेपाचला ठेवा. रजेवरून आलेल्या मुलीला तिचा ऑपरेशनचा वार परत द्या, पहिल्याच आठवड्यात. नातेवाईकांनी ‘मोठे डॉक्टर’ विचारलं की तुम्ही स्वतः, सगळ्यांसमोर, तिच्याकडे बोट करा. तुमचं बोट त्यांना दिसतं, माझं दिसत नाही. आणि इंडेंटमध्ये सहा आणि साडेसहा नंबरचे ग्लोव्हज लिहा, सातच्या बरोबरीनं.

खाली नाव लिहिलेलं नाही. तुमच्यातले निम्मे मला दुसऱ्या परिच्छेदातच ओळखतील. उद्या सकाळी साडेसातला तुमच्यापैकीच एकांची पित्ताशयाची केस आहे. काही बोलायचं असेल तर तिथेच बोलू, पेशंट झोपल्यावर.

आपली,
बेळगावातली एक भूल देणारी
टिळकवाडी